बीटल: जुनंच इंजिन वाढवायचं की सुबारूचं बसवायचं?

फोक्सवॅगन बीटलच्या १५८४ सीसी इंजिनात ८५.५ मिमीऐवजी ९०.५ मिमीचे पिस्टन-बॅरल (पिस्टन आणि तो ज्यात सरकतो ते सिलिंडर) घातले की ते १७७६ सीसी होतं. क्रँक (पिस्टनची हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) तोच, ६९ मिमी स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनची धाव तेवढीच. सेट स्वस्त वाटतो, पण केस (इंजिनचा मुख्य सांगाडा) आणि हेड (सिलिंडरचं झाकण) दोन्हींतली बॅरलची भोकं मशीनवर मोठी करून घ्यावी लागतात. बिल तिथे वाढतं. मजुरी वाचवायला थेट बसणारे ८८ मिमीचे बॅरल घेऊ नका. भिंत पातळ, तापली की वाकडी होते आणि रिंगमधून कॉम्प्रेशन निसटतं. मॅग्नेशियमच्या केसमधून हेड आवळून धरणारे स्टड (लांब बोल्ट) आट्यांसकट उपटून येतात, म्हणून केस उघडलीच आहे तर स्टीलचे इन्सर्ट (आटे असलेल्या छोट्या नळ्या) तेव्हाच बसवा.

रोजच्या वापराला एवढं पुरतं.

सुबारूचं पाण्याने थंड होणारं ईजे मालिकेचं इंजिन जुनं घेतलं तर ताकदीच्या मानाने स्वस्तच. पैसा जातो आजूबाजूला: ॲडॅप्टर प्लेट (इंजिन बीटलच्या गिअरबॉक्सला जोडणारी), रेडिएटर, पुढच्या रेडिएटरपासून मागच्या इंजिनापर्यंत पाण्याचे पाइप, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), वायरिंग. पाण्याच्या लाइनीत सर्वांत उंच जागी हवा अडकली तर इंजिन तापून हेड गॅस्केट (हेडखालचं सील) जातं. तिथे हवा काढायचा स्क्रू हवाच.

पुढचे डिस्क ब्रेक दोन्ही पर्यायांच्या खर्चात धरा. मजबूत केलेला गिअरबॉक्स मात्र सुबारूच्या हिशेबात, आणि नेमका तोच विसरला जातो.