मुनिमाच्या लाल बहीत नऊ महिने जाहिरातींची कॉपी लिहिल्यावर

गेल्या दिवाळीत माझ्या हातून एक चूक झाली आणि तिच्यामुळे ही बही, म्हणजे पेढीवरची हिशेबाची वही, घरात आली. एका मिठाईवाल्यांसाठी मराठी एसएमएस लिहिला होता. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, देवनागरीत 70. हे मला ठाऊक होतं, पण मोजलं डोळ्यांनी. ‘श्रीखंड’ डोळ्याला तीन अक्षरांचं दिसतं. मशीन मात्र श, हलन्त, र, वेलांटी, ख, अनुस्वार, ड असं सात मोजतं. मजकूर 74 वर गेला, एकाचे दोन एसएमएस झाले आणि बिल दुप्पट आलं. ऐन वेळी चार अक्षरं कापणंही शक्य नव्हतं, कारण असा मजकूर आधी डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर, नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. शेठजी रागावले नाहीत. नुसतं ‘ठीक है’ म्हणाले, ते जास्त लागलं.

त्या आठवड्यात इथे इंदूरच्या खजुरी बाजारात रिफिल घ्यायला गेले होते. एका दुकानात लाल कापडाच्या, पांढऱ्या दोऱ्याने शिवलेल्या बह्या उरलेल्या दिसल्या. लक्ष्मीपूजन होऊन गेलं होतं, म्हणून 280 ची बही 220 ला मिळाली. दुकानदाराने विचारलं, ‘किस पेढ़ी के लिए, दीदी?’ मी म्हटलं, माझ्यासाठीच. त्याने एकदा बहीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पिशवी न देताच पैसे घेतले.

माझे आजोबा महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात मुनीम होते, त्यामुळे बही कशी चालते ते लहानपणी पाहिलेलं. पानावर छापील रेघा नसतात. कागद दुमडून उभ्या घड्या पाडलेल्या असतात, त्यांचे आठ रकाने होतात. डावीकडच्या चारांत जमा, उजवीकडच्या चारांत नावे. आजोबांचा एक नियम होता: रबर चालवायचं नाही. चुकलं तर आडवी रेघ मारायची, पण खालचं वाचता आलं पाहिजे.

मी तेच उचललं. डावीकडे, जमेत, फक्त गिऱ्हाइकाच्या तोंडचं जसंच्या तसं. उजवीकडे, नावे बाजूला, माझ्या ओळी, आणि शेजारी अक्षरांचा आकडा.

पहिले दोन महिने डावी बाजू जवळजवळ कोरीच होती. हे पाहून मला खरंच धक्का बसला. सहा वर्षं कॉपी लिहितेय आणि गिऱ्हाईक काय बोलतं हे मला माहीत नव्हतं. शेठजी काय बोलतात तेवढं माहीत होतं. मग मी दुकानात जाऊन उभी राहायला लागले. राजवाड्याजवळच्या साडीच्या दुकानात, डेंटिस्टच्या वेटिंगमध्ये, आणि अर्थातच मिठाईवाल्यांकडे, काउंटरच्या या बाजूला.

गुढीपाडव्याचं काम आलं तेव्हा उजव्या बाजूला मी लिहिलं: ‘परंपरेची गोडी, शुद्धतेची जोडी’. लगेच खोडलं. खाली: ‘सणाला हवं अस्सल श्रीखंड’. तेही खोडलं. अशा अकरा ओळी मेल्या. त्याच पानाच्या डावीकडे दोन दिवसांपूर्वीची नोंद होती. रामबागेतल्या एक आजी पोरीला म्हणत होत्या, ‘घरचं पातळ होतं गं, यांचं चमच्यावर उभं राहतं.’ ‘चमच्यावर उभं राहणारं श्रीखंड’. मोजलं, तर 28. गूगलच्या सर्च जाहिरातीत एका हेडलाइनला 30 ची मर्यादा असते, त्यात बसली. इन्स्टाग्रामवर कॅप्शन 2,200 अक्षरांचं लिहिता येतं हे खरं, पण फीडमध्ये सुरुवातीचा तुकडाच दिसतो, बाकीचं टॅप करणाऱ्यासाठी. तिथेही हीच ओळ पहिली टाकली. पोस्टवर लाइक नेहमीएवढेच आले. दुकानावर मात्र लोक येऊन ‘ते चमच्यावर उभं राहणारं द्या’ म्हणायला लागले. शेठजींनी तेव्हाही ‘ठीक है’च म्हटलं, पण अर्धा किलो श्रीखंड बांधून दिलं.

लॅपटॉपवर त्या अकरा ओळी मी बॅकस्पेसने उडवल्या असत्या आणि पुढच्या सणाला त्याच पुन्हा सुचल्या असत्या. बहीत त्या आडव्या रेघेखाली पडून असतात. आता ‘गोडी-जोडी’ लिहायला हात वळला की मागचं पान आठवतं. एआयचंही तसंच. मी त्याच्याकडून वीस-वीस ओळी मागवते, लाज नाही वाटत. पण बहीत उतरवायच्या तर हाताने लिहाव्या लागतात, आणि ‘आपल्या स्वप्नांना द्या नवी उंची’ हाताने लिहिताना तिसऱ्या शब्दाला कंटाळा येतो. तिथेच ती गळते. वीसातल्या दोन-तीन उतरतात, बहुतेक वेळा मोडून-तोडून.

आता तक्रारी. शोधता येत नाही, ही सगळ्यात मोठी. साडीच्या दुकानातलं एक सुंदर वाक्य कुठल्या पानावर आहे हे शोधण्यात परवा पाऊण तास गेला. फोनने फोटो काढून मजकूर ओळखून घ्यायचा प्रयत्न केला, पण माझं अक्षर त्याला झेपत नाही (आईलाही झेपत नाही). शेवटी मागच्या पानांवर हाताने सूची केली. ती पहिल्या दिवसापासून करा. माझ्याबरोबर काम करणारा मुलगा ग्वाल्हेरला असतो, त्याला यातलं काहीच दिसत नाही. रोज संध्याकाळी दोन पानांचे फोटो पाठवते, तो कुरकुरतो, आणि बरोबरच आहे त्याचं.

शाईचं पेन चालत नाही, मागे फुटतं. जेल पेन ठीक, पेन्सिल सर्वांत छान. जुलैत पानं दमट होऊन फुगली आणि शिवणीचा दोरा एका टोकाला सैल झाला. मी गोधडीच्या सुईने पुन्हा ओवला. आणि बही टेबलावर आडवी पसरली की चहाच्या कपाला जागा उरत नाही. एक जिलेबीच्या पाकाचा डाग जानेवारीच्या पानावर आहे, तिथलं काही वाचता येत नाही.

कॅलेंडर, शेड्यूलिंग, आकडे या कामांना ही वस्तू निरुपयोगी आहे. रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीच्या, दिवशी एकाच सकाळी सात पोस्ट लावायच्या होत्या, तेव्हा बही दिवसभर कपाटात होती, आणि रंगापासून वाचली हे बरंच झालं.

घ्यायचीच असेल तर मधला आकार घ्या. सर्वांत मोठी रिक्षात उघडता येत नाही. माझी अकरा पानं उरली आहेत. खजुरी बाजारात विचारून आले, तर नवा माल दसऱ्याच्या आसपास येईल म्हणाले. तोवर लहान अक्षरात लिहितेय. यंदा दुकानदाराने विचारलं नाही कुठल्या पेढीसाठी ते. ‘दीदी, एक कि दो?’ एवढंच म्हणाला. दोन सांगितल्यात, एक ग्वाल्हेरला पाठवायची आहे.