बेलापूरला लाकडी सांगाड्याची वरची खोली: अकरा महिन्यांनंतर

नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज वसाहतीत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या घरांच्या भिंती एकमेकांना जोडलेल्या नाहीत. घर पुढे वाढवता यावं म्हणून ते मुद्दाम केलेलं आहे. बहुतेक जण वर विटाच चढवतात. इथे परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घेऊन बारा बाय चौदा फुटांची लाकडी सांगाड्याची खोली चढवली, ती वजनासाठी. नऊ इंची विटेची भिंत प्लास्टरसकट चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या आसपास जाते. ही लाकडी सांगाड्याची भिंत पन्नासच्या आत राहते.

भिंत बाहेरून आत अशी: ८ मिमी फायबर सिमेंट बोर्ड, २५ मिमीच्या उभ्या रिपा आणि त्यांच्यामधली मोकळी पोकळी, पाणी अडवणारं पण वाफ जाऊ देणारं मेम्ब्रेन, १०० मिमी रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर), १२.५ मिमी जिप्सम बोर्ड. खांब प्रक्रिया केलेल्या पाइनचे, ५० बाय १००, दर ६१० मिमीवर. त्यामुळे चार फुटी बोर्डाचा सांधा बरोबर खांबावर येतो.

यात सुरुवातीला एक मोठी चूक झाली. थंड देशातल्या नकाशावरून जिप्समच्या मागे प्लॅस्टिकचा कागद लावला गेला. तिकडे घरातली वाफ भिंतीत शिरू नये म्हणून तो आतून लावतात. आपल्याकडे पावसाळ्यात वाफ बाहेरून आत येते. बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो, २७ अंशांवर असतो. एसी २२ वर चालला की प्लॅस्टिक त्याच्या खाली जातं आणि रॉकवूलच्या बाजूला पाणी सुटतं. जुलैत जिप्समच्या खालच्या कडेला पिवळे डाग आले तेव्हा हे कळलं. बोर्ड उतरवले, प्लॅस्टिक काढलं, पाट्या वाळवल्या, वाफ जाऊ देणारा साधा इमल्शन रंग दिला. आता एसी २६ वर आणि पंखा चालू. डाग परतले नाहीत.

लाकूड घेताना ओलावा मोजायचं यंत्र हातात हवंच. माल २२ टक्क्यांवर आला होता. मध्ये चिपा घालून छपराखाली रचून ठेवला आणि १५ वर आल्यावरच कापला. ओलं लाकूड भिंतीत गेलं की पुढे आकसतं, स्क्रू सैल होतात आणि जिप्समचे सांधे केसासारखे फाटतात.

उन्हाची खरी लढाई छपरावर आहे. आपल्या अक्षांशावर मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, तिथे भिंतीला सावली करून भागत नाही. मंगलोरी कौलं, खाली ५० मिमी पोकळी, पोकळीकडे तोंड केलेलं चकचकीत फॉइल, मग रॉकवूल, आणि आढ्याशी हवा निघायला वाट. पोकळी वळचणीपासून आढ्यापर्यंत अखंड नसेल तर त्या सगळ्याचा निम्मा उपयोग जातो. पश्चिमेच्या खिडकीला मात्र बाहेरूनच चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा) हवी. आतल्या पडद्याने ऊन आत येऊनच थांबतं.

फरक रात्री जाणवतो. खालच्या विटेच्या खोल्या मध्यरात्रीपर्यंत धग सोडतात, ही नऊलाच हलकी होते. उलट दुपारी वीज गेली तर हीच आधी तापते, कारण गारवा धरून ठेवायला जड काही नाही. पावसाचा आवाज ठीक आहे. पावलांचा खाली घुमतो, तिथे जमिनीच्या वाशांमध्येही रॉकवूल भरायला हवं होतं.

खाडीच्या वाऱ्यात साधे खिळे टिकत नाहीत, स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्या. तळपाटीखाली, म्हणजे भिंतीच्या सर्वांत खालच्या आडव्या लाकडाखाली, जीआयची (जस्त चढवलेल्या पत्र्याची) पट्टी ५० मिमी बाहेर काढून खाली वाकवा. वाळवी तिलाही वळसा घालते, पण मातीची नळी उघड्यावर आल्याने दिसते, म्हणून दर महिन्याला कडेने बॅटरी फिरवा. टीव्ही, गीझर आणि कपाटांसाठी खांबांमध्ये आडवे ठोकळे बोर्ड लावण्याआधीच बसवून त्यांचे फोटो काढून ठेवा. भिंतीच्या पोकळीच्या वर-खाली बारीक स्टीलची जाळी लावा, नाहीतर कुंभारमाशी मातीचं घर करून हवेची वाट बुजवते; इथे दक्षिणेकडच्या दोन पोकळ्या ऑक्टोबरमध्ये तशाच भरलेल्या निघाल्या.