आरएमए: नवी बॅच आली आणि जुने आकडे हलले

जनुकांची सक्रियता मोजणाऱ्या मायक्रोअ‍ॅरेच्या नव्या चिप्स आल्या, जुन्यांसोबत पुन्हा आरएमए (चिपच्या कच्च्या मोजणीवरून जनुकांचे आकडे काढणारी पद्धत) चालवलं आणि जुन्या नमुन्यांचे आकडे बदलले. नमुना तोच, सीईएल फाइल (चिपची कच्ची मोजणी) तीच. तरीही दुपटीच्या रेषेवरचं एक जनुक लॉग२ प्रमाणात (१ म्हणजे दुप्पट) १.०३ वरून ०.९७ वर आलं आणि बदललेल्या जनुकांच्या यादीतून गळालं. तक्ता आधीच सहकाऱ्यांकडे गेला होता. आता कुठला आकडा खरा, हे प्रत्येकाला समजावत बसायचं.

हे होणारच होतं. आरएमएमधली क्वांटाइल पद्धत (सगळ्या चिप्स एका पातळीवर आणणारं नॉर्मलायझेशन) प्रत्येक चिपवरचे आकडे चढत्या क्रमाने लावते आणि एकेका क्रमांकाची सगळ्या चिप्समधली सरासरी सर्वांना वाटते. एक चिप वाढली की सरासरी हलते. पुढची पायरी मीडियन पॉलिश, म्हणजे एका जनुकाच्या अनेक प्रोबचा (चिपवरच्या छोट्या डीएनए तुकड्यांचा) मिळून एक आकडा काढणं; तेही सगळ्या चिप्स एकत्र घेऊनच चालतं. कारण कळलं तरी चीड जात नाही. चिप्स महाग, त्या थोड्या थोड्याच येणार. दर वेळी मागचं सगळं नव्याने काढायचं?

तरी मास ५ या जुन्या पद्धतीकडे परत जाणार नाही. ते चिपगणिक स्वतंत्र चालतं हे खरं, पण मिसमॅच प्रोबचा (मुद्दाम एक अक्षर चुकवलेल्या प्रोबचा) संकेत वजा करण्याच्या नादात कमी तीव्रतेची जनुकं नुसती थरथरतात. आरएमए मिसमॅचला हातच लावत नाही, म्हणून खालचा भाग शांत राहतो. त्या बदल्यात पटीतला फरक थोडा दबतो, तो मला चालतो.

उपाय निघाला एफआरएमएचा (‘गोठवलेलं’ आरएमए), २०१० साली आलेला. सार्वजनिक डेटावरून आधीच गोठवलेले संदर्भ वापरून ते एकेक चिप वेगळी हाताळतं. यू१३३ प्लस २.० या मानवी जनुकांच्या चिपसाठी ते संदर्भ तयार मिळतात. जुने आकडे जागेवर राहिले, आणि आता हेच कायमचं, असं मी ठरवूनही टाकलं.

ते मत पुढे बदललं. औषध दिलेल्या नमुन्यांचे कच्चे बॉक्सप्लॉट (प्रत्येक चिपच्या आकड्यांचा पसारा दाखवणारे आलेख) पाहिले तर सगळेच्या सगळे खाली सरकलेले. एफआरएमएनंतर सगळे एका ओळीत! क्वांटाइल धरून चालतं की बहुतेक जनुकं बदलत नाहीत. पेशीतला एकूण आरएनएच घटला असेल तर तो बदल इथे पुसला जातो, आरएमए असो की एफआरएमए. सी-मिक या जनुकामुळे जवळपास सगळीच जनुकं वाढतात, हे २०१२ मध्ये पेशींच्या संख्येच्या प्रमाणात बाहेरचा आरएनए घातल्यावरच स्पष्ट दिसलं होतं. नेहमीच्या नॉर्मलायझेशनने ते झाकलं जात होतं.

अर्थात चिप खाली सरकण्यामागे लेबलिंग किंवा स्कॅनरही असू शकतो, आणि नुसत्या बॉक्सप्लॉटवरून आरएनएची खरी घट आणि असा तांत्रिक फरक वेगळे काढता येत नाहीत. म्हणून पुढच्या बॅचला पेशी मोजून, आरएनए काढण्याआधीच स्पाइक-इन (तसाच मोजून घातलेला बाहेरचा आरएनए) घालणार आहोत, तेही चिपवर ज्याचे प्रोब आहेत असंच. तोवर औषधाच्या नमुन्यांची यादी कुणाला पाठवणार नाही.