फ्लामेंको शूज मागवले, चार स्टार
लेक रत्नागिरीत कथक शिकते, आता तिला हे स्पेनच्या फ्लामेंको नाचाचं वेड. कथक अनवाणी, इथे मात्र चवड्याला नि टाचेला खिळे ठोकलेले, आवाज एक नंबर! पण टाच उंच, म्हणजे वजन सगळं चवड्यावर येतं आणि घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. तिच्या मैत्रिणीचे बारीक टाचेचे आहेत, ते घालून नुसतं उभं राहिलं तरी पाय लटपटतो, हे रुंद टाचेचे, वर पट्टा, त्यामुळे पाय आत सरकत नाही आणि ठोका बरोब्बर बसतो. वाढत्या पायाला म्हणून मोठा नंबर घ्यायची आपली सवय इथे नको हां. शिवण पक्की. फक्त पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते, खिळे गंजतात, पुसत राहावं लागतं. अंगणातल्या जांभ्यावर नको, लाकडी फळीवरच नाचा. किंमत जरा झोंबते.