डिश काढावी का? बेळगाव भागात मराठी वाहिन्या बघणाऱ्या घरासाठी पावसाळ्यानंतरचा अनुभव

डीटीएच कंपनीने पॅक परस्पर बदलला आणि झी मराठी, स्टार प्रवाह दोन्ही एका रात्रीत बंद झाले. रिचार्ज भरलेला, सिग्नल उत्तम, तरी स्क्रीनवर 'ही वाहिनी तुमच्या पॅकमध्ये नाही'. त्यावरून कस्टमर केअरशी जी हुज्जत झाली, तिच्यामुळेच हे सविस्तर लिहितोय. चित्र कसं दिसतं, रिमोट कसा आहे, चॅनेल किती, यावर भरपूर लिहून झालंय. सीमाभागातल्या घराचा प्रश्न निराळा आहे.

आपल्याकडे रात्री मराठी मालिका लागतात, कन्नड सिनेमे आणि बातम्याही लागतात, आणि पत्ता कर्नाटकाचा. पिनकोड ५९० किंवा ५९१ ने सुरू झाला की कंपनीच्या लेखी ग्राहक कन्नड पॅकचा. निपाणीहून अर्ध्या तासावरच्या, पण महाराष्ट्रातल्या कागलला तीच कंपनी मराठी पॅक स्वतःहून पुढे करते. निपाणीत तो मागून घ्यावा लागतो. फोनवर भाषा निवडायला कन्नड, हिंदी, इंग्रजी मिळते, मराठी मिळत नाही. मला याचा भयंकर राग येतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात मराठी घरं काही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नाहीत.

मूळ गोम अशी. वाहिन्यांच्या मालकांचे पॅक भाषेप्रमाणे बांधलेले असतात. दर बदलले की जुना पॅक बंद होतो आणि कंपनी ग्राहकाला 'त्याच किमतीच्या जवळपासच्या' दुसऱ्या पॅकवर ढकलते. बेळगावच्या पत्त्यावर हा जवळपासचा पॅक कन्नड निघतो आणि मराठी वाहिन्या गळतात. एसएमएस आलेला असतो, पण त्यात फक्त नव्या पॅकचं नाव असतं. कुठल्या वाहिन्या गेल्या ते कुणी सांगत नाही.

उपाय असा, की कन्नड आणि हिंदीचा पॅक घ्या, मराठी वाहिन्या मात्र एकेक सुट्या घ्या. २०१९ पासून लागू असलेल्या ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) व्यवस्थेत कुठलीही वाहिनी सुटी मागायचा हक्क ग्राहकाला आहे, मग पत्ता कुठलाही असो. सुट्या वाहिनीची नोंद तिच्या नावाने होते, त्यामुळे पॅक बदलला तरी ती जागेवर राहते. ॲपमध्ये पॅक बदलायच्या जागी जाऊन भाषेच्या यादीत मराठी निवडा. तिथे दोन गोष्टी तपासा. पहिली, एसडी घेताय की एचडी. सर्च केल्यावर बऱ्याचदा एचडी वर येते आणि दर वाढतो. दुसरी, तीच वाहिनी आधीच एखाद्या पॅकमध्ये नाही ना, नाहीतर दोनदा पैसे जायचे. नंतर बॉक्स चालू ठेवून त्याच वाहिनीवर दहाएक मिनिटं थांबा, तरीही नाही आली तर ॲपमधून रिफ्रेश पाठवा. बॉक्स स्टँडबायमध्ये असेल तर रिफ्रेश पोचत नाही, आणि निम्म्या तक्रारी इथेच अडकतात. सगळं झालं की वाहिन्यांच्या यादीचा आणि महिन्याच्या रकमेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रार केल्यास तिचा क्रमांक घ्या, दाद लागली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी पाठवा. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका.

खर्चाचं गणित मांडतो. वाहिन्या सोडून नुसत्या जोडणीचं शुल्क बरीच वर्षं १३० रुपये होतं, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादा उठवली, आता कंपनी आपला दर ठरवते. तेव्हा बिलात हा आकडा वेगळा बघा. पॅकमध्ये बसणाऱ्या वाहिनीची सुटी किंमत जास्तीत जास्त १९ रुपये. चार मराठी वाहिन्या चढ्या दराने धरल्या तरी ७६, करासह ८९ रुपये ६८ पैसे. म्हणजे जुन्या शुल्काने हिशेब केला तर मराठीपुरतं महिन्याला २४३ रुपयांच्या आसपास. त्यावर कन्नड, खेळ, मुलांच्या वाहिन्या चढल्या की रक्कम झपाट्याने वाढते.

ओटीटीला, म्हणजे नेटवरून बघायच्या ॲपना, पिनकोडशी घेणंदेणं नाही. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. त्याच जिओहॉटस्टारवर कलर्स कन्नड आणि स्टार सुवर्णा, झी५ वर झी कन्नड. जिओहॉटस्टारवर दोन भाषांना दोनदा पैसे नाहीत. प्रोफाइल वेगवेगळी करून एकात मराठी, दुसऱ्यात कन्नड भाषा निवडली की होम स्क्रीनसुद्धा ज्याच्या त्याच्या कामाची दिसते. आयपीएल बघताना समालोचनाची भाषा तिथल्या तिथे बदलता येते, मराठी आणि कन्नड दोन्ही असतात. एवढ्या एकाच कारणासाठी मी ओटीटीला डीटीएचच्या वर ठेवलं होतं.

पण नेट कसलं आहे ते आधी बघा. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, फोर-केला ७ पर्यंत. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर हॉटस्पॉट लावून टीव्ही चालवायचा म्हटलं तर एक मालिका संपेस्तोवर डेटा संपतो. फायबरचा ३० एमबीपीएसचा साधा प्लॅन एका टीव्हीला आणि दोन-तीन मोबाइलना भरपूर झाला. ३९९ रुपयांचा प्लॅन करासह ४७१ ला पडतो. मुलांच्या अभ्यासासाठी किंवा कामासाठी फायबर आधीच असेल तर हा खर्च टीव्हीच्या नावावर धरू नका. फक्त टीव्हीसाठी फायबर घेणार असाल तर डीटीएच स्वस्त.

जुन्या चिऱ्याच्या घरात वायफायचा घोळ होतो. राउटर पुढच्या खोलीत आणि टीव्ही मधल्या खोलीत असेल तर एका जाड भिंतीत ५ गिगाहर्ट्झची लहर मरते आणि २.४ वर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी. रिपीटरवर पैसे घालवण्याआधी सरळ लॅन केबल ओढा. टीव्हीचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, तरी तो पुरून उरतो. स्वस्त स्मार्ट टीव्हीत जागा ८ जीबी असते, त्यातली निम्म्याहून जास्त सिस्टिमच खाते. काही महिन्यांत ॲप मध्येच बंद पडायला लागलं की सेटिंग्जमधल्या ॲप्समध्ये जाऊन कॅशे साफ करा, न लागणारी ॲप काढून टाका. टीव्ही बिघडला म्हणून मेकॅनिकला बोलावण्याची गरज नसते.

जाहिराती ओटीटीवरही आल्या. प्राइम व्हिडिओवर १७ जून २०२५ पासून. नको असतील तर १,४९९ च्या वार्षिक वर्गणीवर आणखी ६९९. जिओहॉटस्टारच्या खालच्या प्लॅनमध्येही आहेतच. वर्गणी तीन महिन्यांची घेऊन यूपीआय ऑटोपे त्याच दिवशी बंद करा.

इथपर्यंतचं सगळं पावसाळ्याआधीचं मत. पावसाळ्यात ते बदललं.

मोठ्या पावसात डिश जाते हे सगळ्यांना माहीत. डीटीएचच्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते, टपोऱ्या थेंबांत ती शोषली जाते, विखुरते. पण माझी डिश ज्याच्याकडे वळवलेली होती तो ८३ अंश पूर्वेचा उपग्रह बेळगावहून क्षितिजापासून जवळपास ६९ अंशांवर, म्हणजे चांगलाच डोक्यावर आहे. लहर उभी येते, तिचा पावसातला प्रवास कमी होतो. त्यामुळे खानापूर, जांबोटीकडच्या झडीतही चित्र गेलं तर जोराची सर ओसरली की परत येतं. रिपरिप पावसातही जात असेल तर दोष पावसाचा नव्हे, बहुतेक वेळा कनेक्टरचा. बॉक्सच्या मेनूत सिग्नलची 'स्ट्रेंग्थ' नका बघू, 'क्वालिटी' बघा. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी कमी असेल तर तबकडी हललेली असते किंवा एलएनबीच्या (तबकडीपुढच्या दांड्यावर बसवलेल्या डब्याच्या) तोंडाशी पाणी शिरलेलं असतं. वायर एलएनबीतून निघाली की तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, कनेक्टरमध्ये उतरत नाही. कनेक्टरवर रबरी टोपी आणि तिच्यावर सेल्फ बाँडिंग टेप. एम-सील लावू नका, पुढच्या वेळी कनेक्टर तोडावा लागतो. तबकडी आकाशाकडे कललेली असल्यामुळे तिच्यात फणस-आंब्याची पानं साठतात; जूनच्या आधी पुसून घ्या.

फायबरचं उलट आहे. पाऊस कितीही पडो, चित्र हलत नाही. पण खांबाखांबावरून आलेली तार झाडाच्या फांदीने एकदा तुटली की ती जोडणारा माणूस आणि त्याचं स्प्लायसिंग मशीन गावात पोचेपर्यंत दोन-चार दिवस घर कोरडं. वादळी पावसात एकाच वेळी पन्नास ठिकाणी तुटतं आणि खेड्याचा नंबर शेवटी लागतो. डिश गेली तर घटकाभर जाते. हा फरक मी आधी हिशेबात धरलाच नव्हता. शहरात, टिळकवाडी-अनगोळला, तार जोडून मिळते; कणकुंबीच्या वाटेवरच्या गावांत ओटीटीवर विसंबून डिश काढू नये, असं आता माझं स्पष्ट मत आहे.

नेट गेलं की ओएनटीचे, म्हणजे घरात फायबरची तार जिथे येते त्या डब्याचे, दिवे बघून मग फोन करा. 'लॉस' लाल असेल तर तार तुटली किंवा दुमडली. 'पॉन' हिरवा स्थिर असून नेट नसेल तर भानगड कंपनीकडे. हे सांगितलं की माणूस नेमकं सामान घेऊन येतो.

वीज गेली तर ओएनटीला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावता येतो, साधारण तीन तास चालतो. घेण्याआधी ओएनटीच्या ॲडॉप्टरवर किती ॲम्पिअर लिहिलंय ते जुळवा. मात्र एक विचारून घ्या. गल्लीतले काही नेटवाले फायबर म्हणून सांगतात, पण मध्ये कुणाच्या तरी घरात विजेवर चालणारा स्विच असतो. त्या घरची वीज गेली की तुमचा यूपीएस असून नसून सारखा. जोडणी घेण्याआधी 'मध्ये करंटवरचा डबा आहे का' असं सरळ विचारा.

मराठी बातम्यांसाठी कुणालाच पैसे द्यायची गरज नाही, बहुतेक वाहिन्या यूट्यूबवर थेट दिसतात. दूरदर्शनच्या वाहिन्या प्रसार भारतीच्या वेव्ह्ज ॲपवर फुकट आहेत. थेट सामना ओटीटीवर थोडा मागे असतो, शेजारी डिश असेल तर षटकार आधी कानावर येतो.

वडीलधाऱ्यांचं सांगतो. नंबर दाबला की वाहिनी लागते, ही सोय ॲपला नाही. ॲप उघडा, प्रोफाइल निवडा, मालिका शोधा, मग कालचा भाग चालू होतो. रोज हे दुसऱ्याला करून द्यावं लागणार असेल तर ती बचत खरी नव्हे.

आता माझ्या घरची रचना अशी आहे: फायबरवर जिओहॉटस्टार आणि झी५, आणि पैशाचं डीटीएच बंद करून त्याच तबकडीवर डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची फुकट डीटीएच सेवा. दूरदर्शनची मराठी सह्याद्री आणि कन्नड चंदना दोन्ही फुकट, महिन्याचं शुल्क शून्य. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्या लिलावाप्रमाणे येतात-जातात, त्यांच्या भरवशावर बसू नका. जुना बॉक्स चालत नाही, फ्री डिशचा वेगळा घ्यावा लागतो; घेताना एमपीईजी-४ चाच घ्या, नाहीतर काही वाहिन्या दिसत नाहीत. तबकडी, आरजी-६ वायर आणि युनिव्हर्सल एलएनबी तीच चालते, फक्त डिश भाड्याची नाही ना हे कंपनीच्या पावतीवर तपासा. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला. ८३ वरची तबकडी बेळगावात पूर्वेकडे सुमारे २३ अंश वळवायची आणि ८ अंश खाली झुकवायची. आधी मागचे नट अर्धवट सैल करा, बाजूला बोटभर सरकवून थांबा, बॉक्सला क्वालिटी दाखवायला दोन-तीन सेकंद लागतात. क्वालिटी दिसली की एलएनबी थोडा फिरवून आकडा सगळ्यात वर जाईल तिथे ठेवा, आणि नट एकाआड एक आवळा; एकच बाजू आधी घट्ट केली तर तबकडी पुन्हा सरकते.