अपुऱ्या चित्रपटाचा पूर्ण खेळ: टेस्ट स्क्रीनिंगचे परीक्षण

हॉलिवूडचे स्टुडिओ चित्रपट प्रदर्शित करण्याच्या काही महिने आधी अनोळखी प्रेक्षकांना बोलावून तो मोफत दाखवतात आणि त्यांची मते घेतात. अशाच एका टेस्ट स्क्रीनिंगला मी प्रेक्षक म्हणून गेलो होतो. निमंत्रणात चित्रपटाचे नाव नव्हते, फक्त प्रकार सांगितला होता. वय काय, अलीकडे कोणते चित्रपट पाहिले, घरात कोणी चित्रपटसृष्टीत किंवा पत्रकारितेत आहे का, अशी चौकशी झाल्यावरच प्रवेशपत्र मिळाले. प्रेक्षागृह भरलेले दिसावे म्हणून खुर्च्यांपेक्षा जास्त प्रवेशपत्रे वाटलेली असतात, त्यामुळे तासभर आधी रांगेत उभे राहावे लागते आणि तरीही जागेची हमी नसते. व्यवस्थेतली ही सर्वांत त्रासदायक बाजू. दारात फोन पिशवीत बंद करून घेतला गेला आणि गुप्ततेच्या कागदावर सही झाली.

संगीत तात्पुरते आहे आणि दृश्य-करामती अपुऱ्या आहेत, ही सूचना खेळाआधीच मिळाली होती, तरी प्रत्यक्षात ते पाहणे चमत्कारिक वाटते. कड्यावरून लोंबकळणाऱ्या नायकाच्या पाठीची तार स्पष्ट दिसत होती, मागे हिरवा पडदा होता आणि पार्श्वसंगीत दुसऱ्याच कुठल्यातरी गाजलेल्या चित्रपटातून उसने आणलेले होते. गंमत म्हणजे दहा मिनिटांत हे सारे विसरायला झाले. जिथे विसरायला झाले नाही, तिथे दोष तारेचा नव्हता.

शेवटचे दृश्य संपते न संपते तोच प्रश्नावली हातात आली. चित्रपट ‘उत्कृष्ट’पासून ‘वाईट’पर्यंत पाचांपैकी कोणत्या श्रेणीचा वाटला, हा पहिला प्रश्न, आणि इतरांना तो पाहायला सांगाल का, हा दुसरा. स्टुडिओचे लक्ष मुख्यतः या दोहोंवर असते. पहिल्या प्रश्नातल्या वरच्या दोन श्रेणी किती जणांनी निवडल्या आणि ‘नक्की सांगेन’ असे किती जणांनी म्हटले, हे मोजले जाते. आवडती-नावडती दृश्ये, रेंगाळलेल्या आणि न समजलेल्या जागा हे प्रश्न त्यानंतर येतात. माझ्या मते खरा ऐवज तिथेच आहे, पण अर्धवट उजेडात, मांडीवर कागद ठेवून भरताना तोवर बहुतेकांची पेन्सिल आणि उत्साह दोन्ही बोथट झालेले असतात.

नंतर वीसेक जणांना चर्चेसाठी थांबवले, त्यांत मी होतो. एका गृहस्थांनी विचारले की नायिका जे पत्र जाळते त्यात काय होते. तिने पत्र नव्हे तर फोटो जाळला, असे चौघे-पाच जण एकदम म्हणाले आणि बाकीचे गोंधळून एकमेकांकडे पाहू लागले. दिग्दर्शकाला महिनोन्‌महिने संकलनाच्या खोलीत बसून जे कळले नसते ते अर्ध्या मिनिटात कळले. पुढे शेवट कोणाला पटला नाही असे विचारल्यावर चार हात वर आले. एका बाईंनी तावातावाने कारण सांगितल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, तेव्हा हात नऊ झाले. ही मते नव्याने सुचलेली होती की उसनी, हे कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही.

पद्धत जुनीच आहे. मूकपटांतला विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड 1920च्या दशकात आपले विनोदी चित्रपट असेच आधी दाखवून, हशा कुठे पडतो ते पाहून सुधारत असे. ‘सनसेट बुलेव्हार्ड’ (1950) शवागारातल्या प्रेतांच्या संभाषणाने सुरू होत होता. आधीच्या खेळात अमेरिकेतल्या इव्हॅन्स्टन गावच्या प्रेक्षकांना त्याचे हसू आले, म्हणून ते दृश्य गेले. ‘जॉज’चा 1975 साली डॅलसमध्ये प्रिव्ह्यू झाल्यावर दिग्दर्शक स्पीलबर्गला प्रेक्षकांची आणखी एक किंकाळी हवीशी वाटली आणि त्याने संकलक व्हर्ना फील्ड्सच्या पोहण्याच्या तलावात बुडालेल्या बोटीतल्या मुंडक्याचे दृश्य चित्रित केले. उलट 1942च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोनात दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’चा खेळ फसला, तेव्हा वेल्स ब्राझीलमध्ये होता आणि आरकेओ स्टुडिओने त्याच्या पाठीमागे चाळीसहून अधिक मिनिटे कापून शेवटही नवा जोडला, कापलेला भाग पुढे नष्ट केला गेला. ‘फेटल अट्रॅक्शन’चा (1987) मूळ शेवट प्रेक्षकांना रुचला नाही म्हणून, त्यातली अभिनेत्री ग्लेन क्लोज हिचा विरोध असतानाही, नवा चित्रित झाला आणि चित्रपट तुफान चालला. त्यामुळे शेवट बदलणे नेहमीच तोट्याचे ठरते, असे मी म्हणू शकत नाही. पण त्या एका यशाचा दाखला देऊन किती शेवट बिघडवले गेले असतील, ही शंका मात्र राहते.

प्रदर्शनाच्या तोंडावर होणारे आगाऊ खेळ याहून वेगळे असतात. तिथे चित्रपट पूर्ण असतो आणि तोंडी प्रसिद्धी हाच हेतू असतो. बदल करायला वेळ उरलेला नसतो.

प्रेक्षक म्हणून मी पुन्हा जाईन, पण रांगेची तयारी ठेवून. आपल्या मताचे काय झाले हे कोणी कळवत नाही, म्हणून पाच महिन्यांनी मी तिकीट काढून तोच चित्रपट पाहिला. फोटो जळताना आता अगदी जवळून दिसतो, त्यातला चेहराही ओळखू येतो. शेवट तोच ठेवला आहे.