मी न घेतलेले कर्ज: भाड्याच्या घरासाठी दिलेल्या कागदपत्रांचे पुढे काय झाले

कोल्हापुरात भाड्याचे घर शोधणाऱ्याकडून करार होण्यापूर्वीच आधार, पॅन आणि चित्रफीत मागवून घ्यायची आणि त्या कागदपत्रांवर त्याच माणसाच्या नावाने ईएमआयवर महागडे मोबाईल उचलायचे, असा प्रकार माझ्या बाबतीत घडला. रक्कम आयुष्य उद्ध्वस्त करणारी नव्हती. परंतु जी रीत वापरली गेली ती उद्या कुणाच्याही बाबतीत वापरता येईल, आणि माझा विश्वास संपादन करण्यासाठी एन्क्रिप्शनसारख्या (म्हणजे मधल्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून संदेश कुलूपबंद करण्यासारख्या) खऱ्या आणि उपयुक्त गोष्टीचाच उपयोग करण्यात आला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मुलीच्या शाळेच्या सोयीसाठी आम्हाला राजारामपुरीत घर हवे होते. ऑनलाइन जाहिरात पाहून फोन केला, तेव्हा मालकाचा प्रतिनिधी म्हणवणाऱ्या गृहस्थाने आम्हाला प्रत्यक्ष फ्लॅट दाखवला. फ्लॅट खरा होता, किल्ली त्याच्याकडे होती आणि सांगितलेले भाडे त्या भागातल्या चालू दराइतकेच होते. संशय यावा असे काहीच नव्हते. त्याच संध्याकाळी त्याने व्हॉट्सॲपवर आधारच्या दोन्ही बाजू, पॅन कार्ड, पगारपत्रक आणि कॅमेऱ्याकडे पाहत मान डावीकडे-उजवीकडे वळवलेली एक छोटी चित्रफीत मागितली. कराराचा मसुदा तयार करायचा आहे आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची आहे, अशी कारणे त्याने दिली. दोन्ही कारणे कागदोपत्री रास्त होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याची पद्धतही आपल्याकडे रूढ आहे.

आधारचा पूर्ण क्रमांक आताच कशासाठी, असे मी विचारले तेव्हा त्याने ध्वनिसंदेश पाठवला: “काय काळजी करू नका ओ सर, हे सगळं एन्क्रिप्टेड असतंय. तुमच्या-माझ्याशिवाय कुणालाच दिसत न्हाई.” त्यानंतर त्याने आपण होऊन त्या संभाषणावर संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू केली आणि तीही माझ्याच सुरक्षिततेसाठी असल्याचे सांगितले. काही दिवसांनी मालकांनी घर नातेवाइकांना द्यायचे ठरवले असल्याचे कळवून तो बाजूला झाला. टोकन म्हणून एक रुपयाही मागितला नव्हता, त्यामुळे विषय तेथेच संपला असे आम्ही धरले. पैसे गेले नाहीत म्हणजे फसवणूक झाली नाही, असे आपण सर्वच जण गृहीत धरतो, आणि ही माणसे नेमकी त्यावरच विसंबून असतात.

कित्येक महिन्यांनंतर वसुलीचा फोन आला. पतमाहिती अहवाल काढला तेव्हा त्यात एका वित्तसंस्थेचे थकीत कर्ज माझ्या नावावर दिसले. ते दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका दुकानातून घेतलेल्या दोन मोबाईलसाठी होते. अशा कर्जाचे पैसे ग्राहकाच्या खात्यात येत नाहीत, ते थेट दुकानदाराला जातात. म्हणून माझ्या बँक खात्यात त्याचा मागमूस नव्हता आणि कोणताही संदेश मला आला नव्हता. ओटीपी ज्या क्रमांकावर गेला तो क्रमांक मी कधी पाहिलाही नव्हता. मात्र दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर माझ्या नावावरच्या मोबाईल जोडण्या तपासल्या तेव्हा त्या यादीतल्या एका अनोळखी जोडणीचे दिसणारे आकडे त्या क्रमांकाशी जुळले. वित्तसंस्थेने पुढे कर्जाच्या फाइलची प्रत दिली, तेव्हा तीत ग्राहकाचे छायाचित्र म्हणून माझ्या त्या चित्रफितीतलेच एक दृश्य चिकटवलेले आढळले.

आता त्या माणसाच्या वाक्याकडे येतो, कारण ते वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरे होते. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सर्व संभाषणांसाठी सिग्नल प्रोटोकॉल या कुलूपबंदीच्या पद्धतीवर आधारलेले एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लागू केले. त्यात संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतो, आणि तो उघडण्याची किल्ली फक्त घेणाऱ्याच्या फोनमध्ये असते. मधल्या सर्व्हरला किंवा खुद्द कंपनीला तो वाचता येत नाही. परंतु हे संरक्षण वाटेपुरते आहे. लाखेची मोहोर लावलेले पाकीट ज्याच्या हाती पडले त्याने ते उघडल्यावर आतल्या कागदाचे काय करावे, यावर त्या मोहोरेचा काहीच ताबा नसतो. घेणाऱ्याच्या गॅलरीत प्रत उतरते, तेथून ती कुणालाही पाठवता येते किंवा छापता येते, आणि फोनचा बॅकअप क्लाउडवर जात असेल तर तो एन्क्रिप्ट करण्याची सोय, जी २०२१ पासून उपलब्ध आहे, स्वतःहून चालू करावी लागते. मला भेटलेल्या माणसाने एन्क्रिप्शन मोडले नाही, त्याला ते मोडण्याची गरजच नव्हती.

ही गोष्ट मी आग्रहाने मांडतो, कारण माझी हकिगत ऐकल्यावर अनेकांनी “या एन्क्रिप्शनमुळेच चोरांचे फावते, सरकारने ते काढूनच टाकले पाहिजे” असे मत दिले. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत संदेशाचा मूळ पाठवणारा शोधून देण्याची तरतूद आहे, तिला व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आहे आणि एन्क्रिप्शन मोडण्याची सक्ती झाली तर भारतातली सेवा बंद करावी लागेल, असे त्यांच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयात सांगितले होते. माझ्या प्रकरणात उपयोगी पडले ते सिमकार्डाचे अर्ज, दुकानाचे बिल, मोबाईलचे आयएमईआय (प्रत्येक फोनची स्वतंत्र ओळख असलेले) क्रमांक आणि कर्जाची फाइल. यांपैकी एकाही गोष्टीसाठी कुणाचा संदेश फोडावा लागला नाही. कुलूप काढून टाकले तर माझ्या मुलीचे छायाचित्र, पत्नीचे वैद्यकीय अहवाल आणि बँकेशी होणारा व्यवहार उघडा पडेल, आणि तो माणूस मात्र पूर्वीइतक्याच सहजतेने कागदपत्रे मागत राहील. भोक आहे ते आपल्याकडे ऊठसूट पूर्ण प्रती मागण्याच्या पद्धतीत, आणि कर्जदाराला समोर न पाहता एका चित्रफितीतल्या चेहऱ्यावर कर्ज देऊन टाकणाऱ्या तपासणीत.

पूर्ण प्रती मागण्याच्या या पद्धतीला शासकीय पातळीवरही पुरेसा विरोध झालेला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारच्या झेरॉक्स प्रती कुठेही देऊ नयेत, त्याऐवजी फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारे मास्क्ड आधार द्यावे, असे निवेदन काढले. ते दोनच दिवसांत मागे घेण्यात आले आणि नागरिकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी एवढेच सांगण्यात आले. वास्तविक मूळ सल्ला योग्यच होता. लिव्ह अँड लायसन्स कराराची ऑनलाइन नोंदणी होते तेव्हा दोन्ही पक्षांचे अंगठे ठसे घेण्याच्या यंत्रावर समक्ष घेतले जातात आणि आधार क्रमांकही त्या वेळी, आपल्या डोळ्यांसमोर भरला जातो. मसुद्यासाठी नाव, पत्ता आणि वय पुरेसे असते. घर नक्की होण्याआधी पूर्ण आधार आणि मान वळवलेली चित्रफीत मागणारा माणूस करारासाठी मागत नसतो.

“पण तुम्ही दिलीतच कशाला?” हा प्रश्न मला नातेवाइकांपासून वसुलीच्या माणसापर्यंत सर्वांनी विचारला. कायदा हा प्रश्न असा विचारत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने गोपनीयता हा घटनेच्या कलम २१ खालील मूलभूत अधिकार असल्याचा एकमताने निर्णय दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती ही ठरावीक हेतूपुरती आणि त्या हेतूला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असते. घरासाठी दिलेला कागद कर्जासाठी वापरणे हे माझ्या संमतीत बसत नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास १८ महिन्यांचा अवधी देण्यात आला. माहिती जपण्यातल्या मोठ्या निष्काळजीपणाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती गेली त्याला त्यातून भरपाई नाही. एवढेच नव्हे, तर माहिती तंत्रज्ञान कायद्यातले भरपाईची वाट देणारे कलम ४३ ए वगळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. हा मला या कायद्याचा मोठा दोष वाटतो.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी प्रथम १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. दुसऱ्याची ओळख वापरणे आणि तोतयेगिरी करून फसवणे यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६ सी आणि ६६ डी लागू होतात, दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दुकान दुसऱ्या जिल्ह्यात होते म्हणून तक्रार तेथेच करा, असे मला सुरुवातीला सांगण्यात आले; परंतु भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हे न पाहता माहिती नोंदवून घेणे आवश्यक आहे, हे नम्रपणे दाखवून दिल्यावर काम झाले. पतमाहिती देणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो आणि चुकीच्या नोंदीवर हरकत घेता येते. हरकतीचा निकाल ३० दिवसांत लागला नाही तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे, आणि वित्तसंस्थेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्याच लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

माझ्या नावावरचा तो मोबाईल क्रमांक बंद झाला आहे. दोन पतमाहिती कंपन्यांनी नोंद काढून टाकली आहे, उरलेल्या दोघींकडे हरकत प्रलंबित आहे. त्या माणसाशी झालेले संभाषण आपोआप नाहीसे झाले होते, परंतु घर पसंत पडल्यावर पत्नीला दाखवण्यासाठी मी त्या संभाषणाची काही छायाचित्रे (स्क्रीनशॉट) काढून ठेवली होती, त्यांतला त्या माणसाचा क्रमांक तपासात उपयोगी पडला. म्हणून राजारामपुरी, ताराबाई पार्क किंवा रुईकर कॉलनी परिसरात घर दाखवून याच पद्धतीने चित्रफीत मागितली गेली असेल, तर ते संभाषण पुसले जाण्याआधी त्याच्या प्रती काढाव्यात, समोरच्याचा क्रमांक त्यांत दिसतो आहे याची खात्री करावी आणि पैसे गेले नसले तरी कोल्हापूरच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी कळवावे.